घरातल्या सगळ्यांचं जुळेपर्यंत: कौटुंबिक प्रेमकथा-मालिका वाचणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात आम्ही काही जणी (आणि दोन-तीन पुरुष, पाहा प्रश्न १०) इंग्रजी प्रेमकथांच्या मालिका एकमेकींना वाचायला देतो. पुस्तकं उदगीर, अंबाजोगाई, परभणीपर्यंत फिरतात. कधी जाणाऱ्या-येणाऱ्या पाव्हण्याच्या पिशवीतून, कधी एसटीच्या पार्सलनं. पुस्तकामागोमाग प्रश्न येतात, बहुतेक व्हॉइस मेसेजवर आणि बहुतेक तेच ते. म्हणून ते एकदाचे लिहून काढले. प्रश्न ज्या भाषेत आले त्याच भाषेत ठेवलेत.

१. कौटुंबिक प्रेमकथा-मालिका म्हणजे काय हो? टीव्हीवरच्या मालिकेसारखीच का?

नाही. टीव्हीवर एकच जोडी शेकडो भाग ताणतात. इथं एक घर असतं, घरात चार-सहा-आठ भावंडं, आणि दर पुस्तकात एकाचं जुळतं. त्या पुस्तकात मुख्य गोष्ट त्यांचीच. बाकी घरचे जेवणाच्या टेबलापाशी, कुणाच्या वाढदिवसाला, दवाखान्याच्या बाकावर दिसत राहतात. शेवटच्या पानापर्यंत त्या दोघांचं पुरतं मार्गी लागलेलं असतं. पुढचं पुस्तक दुसऱ्या भावाचं नाहीतर बहिणीचं.

‘समकालीन’ म्हणजे आजच्या काळातली. मोबाईल आहे, नोकरी आहे, घटस्फोट आहे. सरदार आणि घोडागाड्या असलेल्या मालिका वेगळ्या, त्यांच्याबद्दल प्रश्न १२ मध्ये. नमुना म्हणून बेला आंद्रे यांचं सलिव्हन घराणं घ्या. ही मालिका २०११ मध्ये सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोतलं घर, सहा भाऊ, दोन बहिणी, वडील नाहीत आणि आई सगळ्यांना धरून आहे. या प्रकारचा साचा बघायचा तर इथं तो अगदी ठसठशीत दिसतो.

२. माझ्या हाती थेट सातवं पुस्तक आलंय. वाचू, का पहिल्यापासून शोधत बसू?

वाचा. एखाद्या घरातल्या पहिल्या सहा लग्नांना तुम्ही गेला नाहीत, सातव्याला आमंत्रण आलं, तर जात नाही का? मांडवात बसल्या-बसल्या कोण थोरला, कुणाची बायको कोणती, कोण कुणाशी बोलत नाही हे तासाभरात कळतंच. लेखिकांनाही माहीत असतं की वाचक कुठूनही शिरेल, त्यामुळं पहिल्या दोन-तीन प्रकरणांत घरच्यांची ओळख करून दिलेली असते. आधीपासून वाचणाऱ्यांना ती पानं रटाळ वाटतात. तुम्हाला नाही वाटणार.

एक तोटा मात्र आहे. आधीच्या सहाही जणांचं कुणाशी जुळलं हे तुम्हाला फुकटात कळून जातं. मागं जाऊन ती पुस्तकं वाचताना ‘कुणाशी’ हा प्रश्न उरत नाही, ‘कसं’ एवढाच उरतो. आमच्यातल्या बऱ्याच जणींना तेवढं पुरतं (प्रश्न ३).

अपवाद: काही मालिकांत प्रत्येक पुस्तकातलं प्रेम वेगळं असलं तरी खालून एकच धागा जातो. नोरा रॉबर्ट्स यांची चेसापीक बे मालिका तशी आहे. मेरीलँडच्या किनाऱ्यावर रे क्विन नावाच्या माणसानं तीन पोरं दत्तक घेऊन वाढवलेली असतात. तो मरताना दहा वर्षांच्या सेथची जबाबदारी या तिघांवर टाकून जातो. सेथ नेमका कुणाचा, रेचा त्याच्याशी संबंध काय, ही गाठ पहिल्या तीन पुस्तकांत मिळून सुटते (१९९८ आणि १९९९). चौथं पुस्तक २००२ चं, त्यात सेथ मोठा झालेला आहे आणि गोष्ट त्याचीच आहे. इथं चौथ्यापासून सुरुवात केली तर तिन्ही पुस्तकांची गंमत गेली म्हणून समजा. ओळखायची खूण सोपी: पहिल्या प्रकरणात प्रेमाशी संबंध नसलेलं एखादं गूढ, मृत्युपत्र किंवा पोरकं लेकरू आलं की थांबा आणि पहिलं पुस्तक मिळवा.

३. शेवट गोडच होणार हे ठाऊक असतं. मग वाचायचं कशासाठी?

हा प्रश्न वाचणाऱ्यांचा कमी, त्यांच्या घरच्यांचा जास्त.

शेवट गोड होणार हा या प्रकारातला करारच आहे. तो मोडला तर वाचक पुस्तक फेकून देतात, आणि बरोबर करतात. पण ठरलेल्या शेवटामुळं लक्ष दुसरीकडं जायला मोकळं होतं. हा माणूस माफी कशी मागतो? तिनं नोकरीसाठी गाव सोडायचं ठरवलं तर तो रुसतो, अडवतो, की सामान बांधायला मदत करतो? चांगल्या पुस्तकात दोघांमधली अडचण खरी असते, तिसऱ्यानं येऊन ‘गैरसमज झाला होता’ म्हटल्यानं सुटत नाही. गैरसमजावर दोनशे पानं चालवणारी पुस्तकं मी स्वतः अर्ध्यात सोडते.

मालिकेत आणखी एक मजा असते, ती सुट्या कादंबरीत नसते: पेरणी. लेखिका पुढच्या जोडीचं बी आधीच्या पुस्तकांत टाकून ठेवते. थोरल्याच्या लग्नात धाकटी बहीण आणि नवऱ्याचा मित्र विनाकारण वाद घालतात. कुणाचं तरी नाव निघालं की एक भाऊ उठून बाहेर जातो, आणि त्यावर लेखिका एक वाक्यही खर्च करत नाही. दोन पुस्तकांनंतर त्याचा उलगडा होतो. हे हेरायची सवय लागली की नायक-नायिका बोलत असताना तुमचा एक डोळा कोपऱ्यातल्या माणसांवर राहतो.

आणि खरं सांगायचं तर बहुतेक वाचक घरासाठीच परत येतात. आमच्यात नायकापेक्षा नायकाच्या आईवर जास्त चर्चा होते. याबद्दल सविस्तर प्रश्न ९ मध्ये.

४. लई माणसं आहेत त्यात. लक्षात कशी ठेवायची?

हा प्रश्न मराठवाड्यातून यावा याचं नवल वाटतं. ‘तुम्ही कोणत्या गावचे, कुणाचे’ इथून सुरू करून तिसऱ्या वाक्याला सोयरीक काढणारी माणसं आपण. हे तर परक्या नावांचं एकच घर.

वंशावळ लिहा. काही पुस्तकांत सुरुवातीलाच छापलेली असते. नसेल तर शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं काढा. आमच्याकडं फिरून-फिरून कोपरे दुमडलेली एक प्रत आहे. तिच्या शेवटच्या पानावर तीन-चार हातांनी मिळून अख्खं घराणं काढलंय. एकीनं जावयाच्या नावापुढं ‘हा चांगला आहे’ लिहिलं, दुसरीनं खाली ‘पुस्तक ५ वाचा मग बोला’. धाकट्या भावाच्या नावापुढं कुणीतरी बायकोचं नाव लिहून टाकलं होतं, ते पुढचीनं इतकं गिरवून खोडलं की कागद फाटला. म्हणून आता नियम: वंशावळीत फक्त त्या पुस्तकापर्यंतचीच लग्नं लिहायची.

किंडलवर (अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र किंवा अ‍ॅप) काही पुस्तकांना एक्स-रे नावाची सोय असते. तिच्यात पात्रांची यादी दिसते.

५. पुस्तकं कोणत्या क्रमानं वाचायची, छापून आलेल्या का गोष्टीतल्या काळाच्या?

छापून आलेल्या. नव्वद टक्के वेळा दोन्ही क्रम एकच असतात. नसतात तिथंच गोंधळ होतो.

नोरा रॉबर्ट्स यांचंच मॅकग्रेगर घराणं बघा, १९८५ पासूनचं. म्हातारा डॅनियल मॅकग्रेगर पोरांची लग्नं जुळवायच्या खटपटीत असतो. पहिल्याच पुस्तकात तो आपल्या ओळखीच्या माणसाला मुद्दाम अशा जहाजाचं तिकीट काढून देतो ज्यावर त्याची लेक नोकरीला आहे, आणि लेकीला पत्ता लागू देत नाही. १९८७ मध्ये डॅनियलच्या आणि त्याच्या बायकोच्या, अ‍ॅनाच्या, तरुणपणाचं पुस्तक आलं. काळाच्या हिशेबानं ते सगळ्यांच्या आधीचं. पण ते सुरू होतं तेव्हा डॅनियल अपघातानंतर दवाखान्यात आहे, पोरं धावत आलीत आणि अ‍ॅनाला जुने दिवस आठवायलेत. पोरांची पुस्तकं वाचलेली असली तरच त्या प्रसंगाला वजन येतं. काळाच्या क्रमानं ते आधी वाचलं तर दवाखान्यात जमलेली ती सगळी माणसं तुम्हाला अनोळखी.

मालिकेतल्या पुस्तकांच्या यादीत २.५ किंवा ४.५ असे आकडे दिसतात ते मधल्या लघुकादंबऱ्यांचे. त्या सणावाराच्या, नाहीतर एखाद्या शेजाऱ्याच्या असतात. वगळल्या तरी काही अडत नाही.

६. एकच पुस्तक दोनदा विकत घेतलं. मुखपृष्ठ वेगळं होतं! हे कसं टाळायचं?

जुन्या मालिका नव्या मुखपृष्ठांत, कधी दोन पुस्तकं एकत्र बांधून, कधी त्या जोडपुस्तकाला नवंच नाव देऊन निघतात. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या दुकानात उभं राहून किंवा किलोवर पुस्तकं मिळणाऱ्या प्रदर्शनात ढीग उपसताना फसायला होतंच. मुखपृष्ठावर जाऊ नका. आतलं कॉपीराइटचं पान उघडा. पहिल्या प्रकाशनाचं वर्ष आणि एकत्र बांधलेल्या पुस्तकांची मूळ नावं तिथं बारीक अक्षरात असतात. नोरा रॉबर्ट्स यांच्या नव्या पुस्तकांवर त्यांच्या आद्याक्षरांची छोटी गोल मुद्रा असते. पुनर्मुद्रणापासून नवं पुस्तक वेगळं ओळखू यावं म्हणून.

७. माझं इंग्रजी जेमतेम आहे. मराठीत का नाहीत ही पुस्तकं?

इतक्या लांब मालिकेचं मराठीत सगळंच्या सगळं येणं अवघड. पहिलं खपलं नाही तर पुढची कोण काढणार? एक पात्र धरून पुस्तकामागं पुस्तक काढायची चाल मराठीला नवी नाही. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड आज्यानं-आज्जीनं वाचलेत. पण ती रहस्यकथेची वाट. भावंडागणिक एक प्रेमकथा ही घडण आपल्याकडं फारशी रुजली नाही.

इंग्रजीचं म्हणाल तर या कादंबऱ्या सुरुवातीला बऱ्या पडतात, कारण निम्मं पुस्तक संवादात असतं. लांबलचक वर्णनं ओलांडून पुढं गेलात तरी धागा तुटत नाही. मोबाईलवर वाचत असाल तर शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो. दर शब्दाला मात्र थांबू नका. आणि दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा सोपं जातं. माणसं तीच, घर तेच, लेखिकेचे लाडके शब्दही तेच. इंग्रजी सुधारायला सुटी पुस्तकं वाचण्यापेक्षा एक मालिका धरावी, असं माझं पक्कं मत आहे.

८. ताई, पीडीएफ टाका ना ग्रुपवर.

नाही. भारतात लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. या लेखिका तर बहुतेक हयात आहेत. फुकट फिरणारी पीडीएफ बेकायदाच असते. शिवाय त्यात मधली पानं गायब असतात, हा आणखी एक भोग. पैशाची अडचण असेल तर जुनी पुस्तकं बघा किंवा गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मागणी नोंदवा. मागणीच्या वहीत कुणी काही लिहितच नाही, मग ग्रंथपाल तरी काय मागवतील? किंडलवर सुरुवातीची पानं नमुना म्हणून फुकट वाचता येतात. पुस्तक आपल्याला झेपेल का, हे तेवढ्यात कळतं.

९. सगळं खोटं वाटतं. चार भाऊ आणि वाटणीचं भांडण नाही?

औशाच्या एका वाचकाचा हा प्रश्न आम्ही कितीतरी दिवस पुरवून खाल्ला. ते म्हणाले, आमच्यात चार भाऊ म्हटलं की सातबारा निघतो, बांध कोरला जातो, तारखा पडतात. आणि इथं, चेसापीक बे मालिकेत, चौघं मिळून होडी बांधायलेत.

आक्षेप रास्त आहे. या मालिकांत घराचा बहुधा काहीतरी धंदा असतो: गुरांचा मळा, द्राक्षबाग, हॉटेल, नावा बांधायचा कारखाना. तो तोट्यात आला तरी भाऊ एकमेकांवर उठत नाहीत. हुंडा नाही, जात नाही, आणि नवी सून कुणाच्या घरात राहायला जात नसल्यानं स्वयंपाकघराचा ताबा कुणाकडं हा वादही नाही.

पण स्वप्न कशाचं आहे ते बघा. लोकांना वाटतं, देखण्या नायकाचं. माझ्या मते स्वप्न घराचं आहे. न बोलावता दारात येऊन उभा राहणारा भाऊ. चूक झाल्यावर आधी ताट वाढणारी आणि मग कान उघडणारी आई. आणि परक्या घरातून आलेल्या मुलीला पहिल्याच जेवणात ‘तुला काय वाटतं?’ असं विचारणारी माणसं. ज्यांच्या घरी हे सहज घडतं त्यांना यात विशेष वाटणार नाही. आमच्यातल्या एका नव्या सुनेनं नेमक्या त्याच जेवणाच्या पानात बसचं तिकीट खुणेला घालून पुस्तक परत केलं. आम्ही ते तिकीट काढलं नाही.

याउलट, घर नुसतंच गोड असेल, कुणी कुणाला लागेल असं बोलत नसेल, तर पुस्तक मिळमिळीत होतं. चांगल्या मालिकेत एक तरी भाऊ घराला कंटाळलेला असतो. त्याचंच पुस्तक बहुतेक वेळा सगळ्यांत सरस निघतं.

१०. त्यात ‘तसले’ प्रसंग असतात का? घरात सगळ्यांसमोर वाचता येईल?

बऱ्याच पुस्तकांत असतात, आणि अमेरिकी समकालीन मालिकांत बऱ्यापैकी उघड. काही लेखिका दार लोटून प्रकरण संपवतात. मुखपृष्ठावरून नेहमीच कळतं असं नाही. हल्ली फुलाफुलांची गोंडस चित्रं असतात आणि आत भलतंच निघतं. घेण्याआधी वाचकांचे अभिप्राय चाळा, तिथं हे हमखास सांगितलेलं असतं. मोठ्यांची पुस्तकं आहेत. नववी-दहावीतल्या लेकरांच्या हाती देऊ नका.

सासूबाईंचं म्हणाल तर वर्तमानपत्राचं कव्हर घाला. पुरुषांसाठीही हेच उत्तर, कारण त्यांची भीती उलटी असते: कुणी बघितलं तर हसतील. आमच्यातले एक निवृत्त मास्तर उघड्यावर, पारावर बसून वाचतात. अजून तरी कुणी हसलेलं नाही.

११. नवव्या पुस्तकाला कंटाळा आलाय. सोडू का?

सोडा. भावंडं संपली की चुलत भावंडं निघतात. सलिव्हनांची सिअ‍ॅटलची शाखा अशीच आली. मग नातवंडं: मॅकग्रेगरांची १९९७ आणि १९९८ मध्ये आली, तेव्हा म्हातारा डॅनियल नव्वदीत पोचला होता आणि खोड तीच. घर वाढतं तशी माणसं पातळ होत जातात, आणि मग जुन्या जोड्या केवळ हजेरी लावायला प्रत्येक पुस्तकात येऊन हसून जातात.

लागोपाठ वाचू नका हाच खरा उपाय. एक पुस्तक, मग दुसरं काहीतरी, मग पुन्हा हे. आमच्याकडं उन्हाळ्याच्या सुट्टीत कूलरसमोर बसून चार-चार सलग वाचणाऱ्या आहेत, आणि जूनमध्ये ‘सगळे नायक सारखेच’ अशी तक्रारही त्यांचीच येते. कंटाळा घराचा आला की साच्याचा, हे तपासा. साच्याचा असेल तर लेखिका बदलूनही भागणार नाही, थोडे दिवस प्रेमकथाच बाजूला ठेवा.

१२. मी आधी वेब सीरिज बघितली. आता पुस्तकं वाचली तर चालेल?

हा प्रश्न हमखास नेटफ्लिक्सवरच्या ब्रिजर्टनबद्दल असतो. ती समकालीन नाही, दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनची आहे. पण घराणं, आठ भावंडं, दर पुस्तकाला एक, हा साचा तोच. ज्युलिया क्विन यांची ही आठ पुस्तकं २००० ते २००६ या काळात आली.

चालेल, फक्त दोन गोष्टी धरून चला. क्रम बदललाय: तिसऱ्या सीझनमध्ये आलेली कॉलिनची गोष्ट पुस्तकांत चौथी आहे, बेनेडिक्टची तिसरी. आणि गुपिताची वेळ बदललीय. सगळ्यांच्या भानगडी छापणारी, खरं नाव लपवलेली लेडी व्हिसलडाउन कोण हे पडद्यावर पहिल्याच सीझनच्या शेवटी दाखवून टाकलं. पुस्तकांत ते चौथ्यापर्यंत झाकलेलं आहे. दुसऱ्या सीझनमधली नायिका केट शर्मा पुस्तकात शोधू नका. तिथं ती केट शेफील्ड आहे आणि भारताशी तिचा संबंध नाही.

१३. मला आवडलेल्या भावाचं पुस्तक लेखिकेनं काढलंच नाही. किंवा मालिकाच मधी थांबवली तर?

होतं असं. मागं उभा असलेला माणूस आवडतो कारण त्याच्याबद्दल कमी सांगितलेलं असतं. पुढं त्याचं पुस्तक आलं की निम्म्यांची निराशा होते, हेही बघितलंय.

मालिका थांबली तरी हाती घेतलेलं पुस्तक अपुरं राहत नाही, त्या जोडीचं मार्गी लागलेलं असतंच. अडचण फक्त प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या, खालून धागा जाणाऱ्या मालिकांची. तसली नवी मालिका सुरू करायच्या आधी लेखिकेच्या संकेतस्थळावर पुस्तकांची यादी बघून घ्या. जिथं ‘लवकरच’ असं लिहून जुनी तारीख पडलेली आहे, तिथं पहिला भाग विकत घेऊ नका, आमच्याकडून वाचायला न्या.